विहिरीत सापडलेले स्फटिक अग्निजन्य खडकात मोडतात का?

सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचा प्रश्न आहे. विहिरीचं काम चालू असताना पन्नासेक फुटांवर काळ्या कातळात नारळ मावेल एवढी पोकळी लागली. आत पांढरे, फिकट गुलाबी आणि एक-दोन हिरवट स्फटिक होते. मजुरांपैकी कुणी हिरे म्हणालं, कुणी गारगोट्या. त्याच्या थोडं वर विटकरी रंगाचा हातभर जाडीचा पट्टाही लागला होता. मुलगी नववीत आहे. तिच्या पुस्तकात खडकांचे तीनच प्रकार आहेत, अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. तिचा प्रश्न असा की हे स्फटिक यांपैकी कशात घालायचे? वडिलांचा प्रश्न, यांना काही किंमत येते का?

हिऱ्यांचा विषय आधी संपवू. हिरा जमिनीखाली साधारण दीडशे किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली तयार होतो आणि किंबर्लाइटसारख्या विशिष्ट खडकातून वर येतो. मध्य प्रदेशात पन्न्याला तसा खडक आहे. तुमच्या विहिरीत आहे तो बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, आणि त्यात हिरा निघत नाही.

आता मुलीचा प्रश्न. तिन्ही प्रकारांपैकी कशातच घालू नका, कारण ते तीन प्रकार खडकांचे आहेत आणि हातात आहे ते खनिज. खनिज ओळखताना ते कशाचं बनलंय आणि त्यातले अणू कसे रचलेत हे विचारायचं. खडक ओळखताना तो कसा घडला हे विचारायचं. शाळेत हे दोन्ही एकाच धड्यात येतं आणि तिथूनच घोळ सुरू होतो. भूजलाच्या कामात मी अनेक विहिरींत उतरलो आहे, आणि काठावर उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा समज हाच असतो की लाव्हा थिजला तेव्हाच आतले स्फटिकही तयार झाले. तसं झालेलं नसतं. कातळाचा जन्म वेगळा आणि त्याच्या पोटातल्या स्फटिकांचा वेगळा. दोन्हींमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर असू शकतं.

खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला घन पदार्थ, ज्याचं रासायनिक संघटन ठरलेलं आहे आणि ज्यातले अणू एका नियमित रचनेत बसलेले आहेत. या व्याख्येची धार तिच्या काठावर कळते. नैसर्गिक बर्फ खनिज आहे, पावसात पडणाऱ्या गारांसकट. ज्वालामुखीची काच खनिज नाही, कारण तिच्यात अणूंची रांग नाही. दगडी कोळसा खडक आहे पण खनिज नाही, आणि बॉक्साइटला सगळे खनिज म्हणत असले तरी तो दोन-तीन ॲल्युमिनियम खनिजांचं मिश्रण असलेला खडक आहे.

आजवर सहा हजारांच्या आसपास खनिजं नोंदली गेली आहेत. त्यांची वर्गवारी रंगावरून करायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि रंगच सगळ्यात जास्त फसवतो. अमेरिकन भूवैज्ञानिक जेम्स ड्वाइट डेना यांनी एकोणिसाव्या शतकात रसायनावर आधारलेली मांडणी रुळवली. मूलद्रव्यं, सल्फाइडं, ऑक्साइडं, कार्बोनेटं, सल्फेटं, फॉस्फेटं, सिलिकेटं असे तिचे गट आहेत. पुढे क्ष-किरणांनी अणूंची रचना दिसू लागली आणि या गटांना पोटगट मिळाले. आपल्या कामाचा गट सिलिकेटांचा, कारण पृथ्वीचं कवच बहुतांशी त्यांचंच आहे.

सिलिकेटाचा मूळ घटक म्हणजे एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, चार टोकांचा चिमुकला त्रिकोणी पिरॅमिड. हे पिरॅमिड एकमेकांशी कसे जोडले जातात यावर सगळा खेळ. सुटे राहिले तर ऑलिव्हिन आणि गार्नेट. एका रांगेत जोडले गेले तर पायरोक्सिन. पत्र्यासारखे पसरले तर अभ्रक, म्हणून अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. चारही टोकांनी जोडून त्रिमित सांगाडा झाला तर क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी), फेल्डस्पार आणि झिओलाइट. झिओलाइटचा सांगाडा पोकळ असतो. आत बोगदे असतात आणि त्यांत सोडियम, कॅल्शियम आणि पाणी बसलेलं असतं. तापवलं की हे पाणी निघून जातं, तरी बऱ्याच झिओलाइटांचा सांगाडा उभा राहतो. स्वीडनचे क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये असा दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला तेव्हा तो फेसाळला, आणि त्या निरीक्षणातून या कुळाची पहिली नोंद झाली. कपड्यांच्या पावडरीत कठीण पाणी मऊ करायला घालतात तो झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, पण तत्त्व हेच.

तुमचे गुलाबी आणि पांढरे स्फटिक बहुधा स्टिल्बाइट आणि हुलँडाइट, दोन्ही झिओलाइट. हिरवट आहे ते बहुधा ॲपोफिलाइट. तो झिओलाइटांच्या पंगतीला बसतो, पण कुळाचा नाही. त्याची रचना पत्र्यांची, म्हणजे तो अभ्रकाच्या बाजूचा. हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अंशामुळे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघालेला निळाशार कॅव्हन्साइट जगभर गाजला, त्याची निळाईही व्हॅनेडियमचीच.

आता कातळाकडे. तुमच्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भेगांमधून लाव्हाचे लोट आले, थरावर थर साचले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी झाकलेला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. हा लाव्हा बाहेर पडताना ११००–१२०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. ताज्या फुटलेल्या काळ्या दगडावर भिंग धरलंत तर बारीक पांढुरक्या काड्या दिसतील. तो प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. मधली काळपट हिरवी भर पायरोक्सिनची. मॅग्नेटाइटचे कण इतके बारीक असतात की भिंगातूनही दिसतीलच असं नाही, पण दोऱ्याला बांधलेलं चांगलं लोहचुंबक दगडाजवळ नेलं की हलकेच ओढलं जातं.

अग्निजन्य खडकांची वर्गवारी दोन गोष्टींवर चालते, रसायन आणि कणांचा आकार. कणांचा आकार थंड होण्याच्या वेगावर ठरतो. एकच साखरेचा पाक चटकन थिजला तर चिक्कीची काच होते आणि दिवसेंदिवस निवांत ठेवला तर खडीसाखर. शिलारसाचंही तसंच. जमिनीवर येऊन लवकर निवला तर बेसाल्ट, आणि तोच खोलवर सावकाश निवला तर जाड कणांचा गॅब्रो. रसायन तेच, नावं दोन. ग्रॅनाइट आणि ऱ्हायोलाइट ही अशीच दुसरी जोडी, फक्त त्यांत सिलिका बरीच जास्त, म्हणून रंग फिका. दख्खनच्या लाव्हात सगळं काळंच आहे असंही नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींना लावलेला पिवळसर मालाड स्टोन हा ट्रॅकाइट, म्हणजे बेसाल्टपेक्षा जास्त सिलिकेचा ज्वालामुखी खडक.

कधी तरी कसारा घाटात जाणं झालं तर रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडी बघा. एका थरात बोटाच्या पेराएवढे, काही ठिकाणी त्याहून लांब पांढरे फेल्डस्पार काळ्या दगडात विखुरलेले दिसतात. एकाच दगडात हे दोन आकार कसे? मोठे फेल्डस्पार खाली शिलारसाच्या साठ्यात सावकाश वाढले. मग तो सगळा रस उफाळून वर आला आणि उरलेला द्रव जमिनीवर झटपट थिजला. म्हणजे एका दगडात निवण्याचे दोन टप्पे. हा थर इतका ठळक आहे की दख्खनच्या थरांचा माग काढणारे भूवैज्ञानिक त्याचा खूण म्हणून वापर करतात.

पोकळ्यांचं मूळ वायूत आहे. लाव्हात विरघळलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाब कमी झाला की बुडबुडे होऊन वर सरकतात. वरची साय आधी थिजते आणि बुडबुडे तिच्याखाली अडकतात. त्यामुळे एका लोटाचा वरचा भाग सच्छिद्र आणि मधला गाभा घट्ट. तळाशी कधी कधी पेन्सिलीच्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात, त्या खालून वर निसटणाऱ्या वायूच्या वाटा. नाशिक-नगर भागातले बरेच लोट एकसंध चादरीचे नाहीत. एकमेकांवर चढलेल्या फुगवट्यांचे आहेत, म्हणून विहिरीत दर काही फुटांवर घट्ट आणि सच्छिद्र असा पालट दिसत जातो.

विटकरी पट्टा दोन लोटांच्या मधल्या विश्रांतीचा आहे. खालचा लोट निवून उघडा पडला, त्याचा माथा कुजला, माती झाली, काही ठिकाणी राख पडली. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. लोह ऑक्सिडाइझ झालं, रंग लाल. आता हा पट्टा तीनपैकी कशात घालायचा? कुजण्यातून बनला, थर म्हणून पसरला, उष्णतेने बदलला. मी त्याला नुसतं ‘लोटांमधला लाल थर’ म्हणतो आणि पुढे जातो. प्रश्नपत्रिकेत विचारलाच तर मुलीने तिन्ही कारणं लिहावीत.

मग रिकाम्या पोकळीत स्फटिक आले कुठून? लाव्हा निवून गेला, त्यावर आणखी लोट चढले, खाली दबलेला खडक उबदार राहिला. फटींतून झिरपलेलं पाणी गरम झालं आणि बेसाल्टमधली काच आणि फेल्डस्पार थोडं थोडं विरघळवत सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम घेऊन पोकळीत शिरलं. तिथे परिस्थिती बदलली की भिंतीवर स्फटिक धरायचे. तापमान लाव्हाच्या मानाने अगदीच कमी, पन्नास ते अडीचशे अंशांच्या दरम्यान. म्हणून हे स्फटिक ‘लाव्हातून बनले’ म्हणणं चूक. खडकातल्या पाण्यातून बनले म्हणा.

पोकळीचा एक तुकडा पोत्यात जपून ठेवला असेल तर त्याची कड बघा. कातळाला लागून बऱ्याचदा एक काळपट हिरवी पातळ साल असते, ती चिकणमातीच्या गटातल्या खनिजांची. त्यावर कधी दुधी कॅल्सेडनी, म्हणजे क्वार्ट्झचाच अतिबारीक कणांचा प्रकार, किंवा बारीक क्वार्ट्झ. त्यावर हुलँडाइट, मग स्टिल्बाइट, त्यावर बसलेला ॲपोफिलाइट, आणि कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, कुठेही मध्येच किंवा सगळ्यात शेवटी. कोण कुणावर बसलंय हे बघितलं की आधी कोण आणि नंतर कोण ते कळतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. क्रम मात्र प्रत्येक खाणीत थोडा बदलतो, तेव्हा मी वर दिलेला पाठ करू नका. दख्खनमधल्या ॲपोफिलाइटांचं वय मोजलं गेलं आहे. काही कातळानंतर सुमारे एक कोटी वर्षांनी तयार झालेत, तर काही चार कोटींहून अधिक वर्षांनी. एवढ्या काळात गरम पाणी पुन्हा पुन्हा येऊन गेलं.

घरच्या घरी ओळख पटवायला तीन चाचण्या पुरतात. हिरवट टोकदार तुकडा घ्या आणि त्याने टाकाऊ काचेवर ओरखडा काढा. क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी, काच सहज कापते, कारण मोह्‌स यांच्या मोजपट्टीवर तिची कठिनता ७. काच साधारण साडेपाच, ॲपोफिलाइट साडेचार ते पाच, स्टिल्बाइट चारच्या आत. हे दोघे काचेवर घसरतात. मग आकार बघा. क्वार्ट्झचा खांब सहा बाजूंचा आणि त्याच्या बाजूंवर आडव्या रेघा. ॲपोफिलाइट चार बाजूंचा, बाजूंवर उभ्या रेघा, आणि टोक सपाट असेल तर तिथे मोत्यासारखी झळाळी. ही झळाळी पत्र्यांच्या रचनेमुळे येते, त्याच पातळीत तो सपाट फुटतो. याला पाटन म्हणतात. क्वार्ट्झला पाटन जवळजवळ नसतंच, तो काचेसारखा वेडावाकडा फुटतो. स्टिल्बाइट बहुधा मध्ये आवळलेल्या पेंढीच्या आकारात येतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही. तिसरी चाचणी कॅल्साइटची. एखाद्या चुऱ्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर कॅल्साइट. तुकडा पारदर्शक असेल तर तो वर्तमानपत्रावर ठेवा, अक्षरं दुहेरी दिसतील.

बाकीच्या दोन प्रकारांबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या तालुक्यात ते दिसणार नाहीत. स्तरित खडक बघायला विदर्भात जावं लागतं. चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातला वालुकाश्म आणि त्यातला कोळसा बेसाल्टच्या कितीतरी आधीचा. मुंबईत मात्र लाव्हाच्या थरांमध्येच गाळाचे पातळ थर सापडले आणि त्यांत बेडकांचे जीवाश्म. दोन उद्रेकांमधल्या काळात तिथे डबकी होती आणि त्यांत बेडूक राहत होते, हे त्यावरून कळलं.

रूपांतरित खडकांचं माझं आवडतं उदाहरण नागपूर-भंडाऱ्याकडचं गोंडाइट. फार जुन्या समुद्रात मँगनीजयुक्त गाळ साठला, पुढे तो खोल दबला, तापला, दाबला गेला आणि त्यातून मँगनीजचं गार्नेट आणि क्वार्ट्झ असलेला खडक झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या एल. एल. फर्मर यांनी त्याला तिथल्या गोंड लोकांवरून हे नाव दिलं. यात कुठेही काही वितळलेलं नाही. घन असतानाच एका खनिजाचं दुसऱ्यात रूपांतर झालं, आणि पुस्तकातलं ‘उष्णता व दाबामुळे’ हे वाक्य एवढ्यासाठी आहे. वितळलं असतं तर तो पुन्हा अग्निजन्यच झाला असता.

तीन प्रकारांत न मावणारी दोन उदाहरणं मात्र मुलीला जरूर सांगा. पहिलं कोकणातला जांभा. खूप पाऊस आणि उष्णता यांनी बेसाल्टमधली सिलिका, कॅल्शियम, सोडियम धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि उघड्यावर घट्ट झालं. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अशाच दगडाचं वर्णन केलं. खाणीतून काढताना तो हत्याराने कापता येतो आणि उन्हात वाळून कडक होतो, म्हणून त्याचे चिरे घराला लागतात. जांभा वाहून येऊन साचलेला नाही, वितळलेला नाही आणि खोल दबलेलाही नाही. जागच्या जागी कुजण्याचा तो अवशेष आहे. काही पुस्तकं त्याला स्तरित म्हणून टाकतात, मला ते पटत नाही.

दुसरं लोणार. बेसाल्टवर उल्का आदळून साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. त्या धक्क्याने काही दगडांतला प्लॅजिओक्लेज न वितळताच काच झाला, बाहेरचा आकार स्फटिकाचा आणि आत अणूंची रांग मोडलेली. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. वरची व्याख्या लावली तर तो आता खनिज उरला नाही. आणि बेसाल्टचंच सांगायचं तर अठराव्या शतकात जर्मनीतले प्रख्यात शिक्षक अब्राहाम वेर्नर हा खडक समुद्राच्या पाण्यातून साचला असं शिकवत होते. फ्रान्समध्ये देमारे यांनी ओव्हेर्नच्या डोंगरांत बेसाल्टचा माग ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत पायी काढला, तरी वाद मिटायला बराच काळ गेला.

आता किमतीचं. बाजारात मोल असतं ते न तुटलेल्या टोकांना, उठावदार रंगाला आणि स्फटिक मूळ कातळाला चिकटलेले असण्याला. सुरुंगाने उडालेले सुटे तुकडे किरकोळ भावात जातात. विकण्याच्या आशेने विहिरीची भिंत पोखरू नका, ती ढासळते. त्यापेक्षा तुमच्याच सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. मुलीला घेऊन जा आणि तुमचा तुकडा तिथल्या नमुन्यांशी ताडून बघा.

विहिरीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. पोकळ्या दिसल्या म्हणजे पाणी लागणार असं नाही. त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि इथे तर झिओलाइटांनी भरल्या आहेत. पाणी वाहतं ते सांध्यांतून, म्हणजे कातळातल्या भेगांतून, दोन लोटांच्या जोडावरून आणि कुजलेल्या थरातून. सच्छिद्र खडक मात्र घट्ट गाभ्यापेक्षा लवकर कुजतो, म्हणून उथळ खोलीवर तो कुजलेला सापडला तर चांगलं पाणी देतो. लाल थर चिकणमातीचा असला तर पाणी खाली जाऊ देत नाही, तेव्हा त्याच्या वरच्या कडेला ओल आहे का ते उन्हाळ्यात बघा.

स्फटिक साफ करताना ॲसिड वापरू नका. खाणीवरचे लोक कॅल्साइट घालवायला ते सर्रास वापरतात, पण बरेच झिओलाइट त्यात धुरकटतात, काहींचा चक्क चिकट लगदा होतो, आणि ॲपोफिलाइटची चमकही जाते. साधं पाणी आणि जुना मऊ दातांचा ब्रश पुरे. पांढऱ्या तुकड्यांपैकी एखादा काही आठवड्यांत आपोआप भुरभुरायला लागला तर तो बहुधा लॉमॉन्टाइट. कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी जातं आणि तो पीठ होतो. तो हवाबंद डब्यात, ओलसर कापसासोबत वेगळा ठेवा, म्हणजे टिकेल.